स्कॉटचं कर्ज आणि हरिभाऊंची कमाई
(वाचनकट्ट्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझी सारी नोकरी बँकेत गेली. त्यामुळे आज ऐतिहासिक कादंबरीवर बोलतानाही जमाखर्च डोकावणार, सांभाळून घ्या.

एका लेखकाने दुसऱ्याकडून काही घेतलं, की आपण लगेच म्हणतो, ‘कॉपी केली!’ पण उसनवारी आणि चोरी यात फरक असतो. सर वॉल्टर स्कॉटचंच पाहा. त्याची पहिली कादंबरी ‘वेव्हर्ली’ १८१४ साली आली. त्याने राजे-सरदार कडेला ठेवले आणि दोन निष्ठांच्या कात्रीत सापडलेला एक सामान्य तरुण मधोमध उभा केला. आयर्लंडची माणसं मारिया एजवर्थबाईंनी जशी रंगवली, तशी आपण स्कॉटलंडची रंगवू पाहिली, हे त्याने पुस्तकाच्या शेवटी लिहून ठेवलं. म्हणजे उचल घेतली, पण नोंद करून!

पुढे स्कॉटकडून साऱ्या युरोपने उचल घेतली. फ्रान्समध्ये ह्यूगो, बाल्झाक, ड्यूमा, इटलीत मान्झोनी. ड्यूमाने ‘थ्री मस्केटिअर्स’मध्ये (१८४४) तलवारबाजीची लज्जत वाढवली, तर बाल्झाकने तीच नजर आपल्या काळातल्या पॅरिसकडे वळवली. भांडवल एकाचंच, पण प्रत्येकाचा धंदा निराळा.

आपल्याकडे हरि नारायण आपटे घ्या. ‘म्हैसूरचा वाघ’ ही त्यांची पहिली ऐतिहासिक कादंबरी मेडोज टेलरच्या ‘टिपू सुलतान’वर आधारलेली. स्कॉटही त्यांनी वाचलेला होता. पण काही वर्षांतच ‘उषःकाल’ आली. तिच्यात बाप विजापूरच्या चाकरीशी इमान राखणारा आणि मुलगा शिवरायांकडे ओढला गेलेला. स्कॉटच्या तरुणाची तीच कात्री. पण घर, वाडा, बोली आणि दुःख सगळं मराठी. याला मी व्याजासकट परतफेड म्हणतो.

आता खऱ्या कर्जाची गोष्ट. १८२६ साली स्कॉटची भागीदारी असलेला छापखाना बुडाला. अंगावर एक लाख पौंडांहून जास्त देणं आलं. दिवाळखोरी जाहीर करून मोकळं होता आलं असतं. त्याने ते नाकारलं, लेखणी उचलली आणि १८३२ साली मरेपर्यंत लिहून देणं फेडत राहिला. उरलेलं देणं मागाहून त्याच्या पुस्तकांच्या हक्कांतून फिटलं. त्याच १८२६ साली सरकार स्कॉटलंडच्या बँकांच्या छोट्या नोटा बंद करायला निघालं होतं. टोपणनावाने पत्रं लिहून त्याने त्या वाचवायला मदत केली. म्हणून तिथल्या बँकेच्या नोटेवर आजही त्याचं चित्र असतं. असा कर्जदार आम्हाला नोकरीत भेटला असता, तर खुर्चीवरून उठून नमस्कार केला असता!

बालमित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या लिहायला बसेल. थोरांकडून खुशाल घ्या. फक्त कुणाकडून घेतलं ते मोकळेपणाने सांगा आणि त्यात आपल्या घराची, आपल्या माणसांची भर घाला. मोठ्यांनी एवढंच करावं, सोसायटीच्या कपाटातली ‘उषःकाल’ घरी न्यावी. आणि हो, वेळेवर परत करावी!