घरचे दिवे आणि घरचा संगणक
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. यंत्रशास्त्र सांगायला मी उभी नाही. घरातले दिवे, पंखे, गिझर आता संगणकावरून चालवता येतात. त्यात गृहिणीने काय पाहावे, एवढेच सांगते.

ही कल्पना आजची नव्हे. १९६६ साली अमेरिकेत पिट्सबर्गच्या जिम सदरलँड या इंजिनिअरने घरकामासाठी संगणक बांधला. १९७५ साली स्कॉटलंडमध्ये ‘एक्स-टेन’ ही पद्धत निघाली. निराळी तार न ओढता घरातल्या विजेच्या तारांतूनच निरोप जाई. सोळा अक्षरे आणि सोळा अंक यांच्या जोडीने २५६ वस्तूंना वेगवेगळा पत्ता देता येई.

आता आमच्या घरी तळहाताएवढा ‘रास्पबेरी पाय’ संगणक हेच काम बिनतारी करतो. बटणामागे रिले असतो. निरोप आला की तो विजेची वाट उघडतो वा बंद करतो. दोन हजार वॅटचा गिझर अर्धा तास तापला की एक युनिट जळते. तो आता वेळेवर आपोआप बंद होतो. सासूबाई रात्री उठल्या की बोळातला मंद दिवा लागतो.

पण काही पथ्ये पाळावीत. भिंतीवरचे बटण काढू नये. संगणक बंद पडला, तरी दिवा हाताने लागलाच पाहिजे. कामाला येणाऱ्या बाईंच्या हाती आपला फोन थोडाच असतो! गिझरला त्याचा भार सोसणाराच रिले हवा आणि तो जाणत्या वायरमनकडूनच बसवावा. इस्त्री, इलेक्ट्रिक शेगडी दुरून चालू करण्याची सोय ठेवूच नये. शिवाय घरात कोण केव्हा असते याची नोंद या यंत्रात राहते. ती घराबाहेर जाते की काय, हे विचारून घ्यावे.

आणि मुख्य गोष्ट. आमच्याकडे सारी सूत्रे मुलाच्या फोनमध्ये होती. तो परगावी गेला, तेव्हा पहाटे पाचला दिवाणखान्यातला दिवा लागे; मी विझवावा, दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर! मुलगा परतल्यावर मी त्याच्याजवळ बसून वेळा बदलायला शिकले. चार दुपारी पुरल्या.

भगिनींनो, पूर्वी घराच्या किल्ल्या आपल्या कमरेला असत. आजची किल्ली म्हणजे पासवर्ड. तो घरातल्या एकाकडेच असू नये. मंडळात शिवणाचा वर्ग चालतो, तसा याचाही एक दुपारचा वर्ग काढावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.