पुस्तक मिटून अभ्यास

गावचा हुशार मुलगा महाविद्यालयात जाऊन मागे पडतो, तेव्हा पुष्कळदा बुद्धी उणी नसते. वाचावे कसे, हे त्यास कोणी दाखविलेले नसते. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिस रॉबिन्सन यांचे ‘इफेक्टिव्ह स्टडी’ (१९४६) हे पुस्तक येथे उपयोगी पडते. प्रकरणावरून नजर फिरवावी, मथळ्याचा प्रश्न करावा, उत्तर शोधीत वाचावे, पुस्तक मिटून ते स्वतःच्या शब्दांत सांगावे, शेवटी उजळणी करावी, अशी त्यातील रीत. पुस्तक मिटण्याची पायरी सर्वांत मोलाची. घोकंपट्टीत शब्द ओठांवर येतात. येथे अर्थ आठवावा लागतो, आणि अडले तेवढेच पुन्हा वाचावयाचे असते. भूगोलाच्या धड्यात ‘नद्या’ असा मथळा आला, की मुलांनीच विचारावे: या नद्या उगम कोठे पावतात? मग धडा वाचावा, आणि पुस्तके मिटावीत.