एका पाणबुडीची चाकरी

जालन्याच्या मोंढ्यापासून समुद्र शेंकडों मैल दूर आहे. कुंडलिकेच्या कांठीं वाढलेल्या माणसास पाणबुडी ही केवळ चित्रांतली वस्तु. तथापि येथील शाळांतून झेंडावंदनाच्या वेळीं जो 'जय हिंद'चा घोष उठतो, त्याचा एक धागा १९४३ सालच्या एका जर्मन पाणबुडीपर्यंत जाऊन पोंचतो. तो घोष रूढ करण्याचें श्रेय सामान्यतः ज्यांना दिलें जातें, ते आबिद हसन हैदराबादचे. त्या काळीं जालना हा निजामाच्या राज्यांतील औरंगाबाद जिल्ह्याचा एक तालुका होता. जालना जिल्हा अस्तित्वांत आला तो १ मे १९८१ रोजीं. तेव्हां हसन व जालनेकर हे एकाच राज्याचे प्रजाजन. या हसनांना ज्या पाणबुडीनें वाहून नेलें, तिचें नांव यू-१८०. तिचें अल्पायुषी चरित्र ऐकण्याजोगें आहे.

यू-१८० ही ब्रेमेन येथील वेझर गोदींत बांधली गेली. १० डिसेंबर १९४१ रोजीं ती पाण्यांत सोडण्यांत आली, आणि १६ मे १९४२ रोजीं जर्मन आरमारांत दाखल झाली. तिची लांबी सुमारें ८७ मीटर होती, आणि तिचा अधिकारी होता व्हेर्नर मूझेनबेर्ग. या नमुन्याच्या अवघ्या दोनच पाणबुड्या बांधल्या गेल्या. वेग साधावा म्हणून तिला सहा शीघ्रगति डिझेल इंजिनें बसविलीं होतीं. पण तीं धूर फार सोडीत व वारंवार बिघडत. ज्या नौकेनें लपून राहावयाचें, तिनें आकाशांत धुराचा पट्टा सोडावा, हें मोठेंच वैगुण्य होतें.

सुभाषचंद्र बोस जानेवारी १९४१ मध्यें कलकत्त्याहून निसटून जर्मनीस गेले होते. १९४२ सालीं जपानी सैन्य ब्रह्मदेशांत येऊन ठेपलें, आणि आपलें कार्यक्षेत्र आतां पूर्वेस आहे हें त्यांनीं ओळखलें. परंतु जावें कसें? जमिनीच्या वाटा युद्धानें बंद केल्या होत्या. अखेर समुद्राखालची वाट ठरली. ८ फेब्रुवारी १९४३ रोजीं त्यांनीं आपल्या वडील बंधूंस, शरच्चंद्रांस, बंगालींत एक पत्र लिहिलें आणि आपली पत्नी व कन्या यांचा सांभाळ करावा अशी विनंति केली. कन्या अनिता त्या वेळीं अडीच महिन्यांचीही नव्हती. दुसऱ्या दिवशीं कील बंदरांतून यू-१८० निघाली. बरोबर एकच हिंदी सोबती होता : आबिद हसन. ते जर्मनींत अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठीं गेलेले तरुण होते.

पाणबुडी सदैव पाण्याखालींच असते असा एक समज आहे. तो बरोबर नाहीं. डिझेल इंजिनास हवा लागते, म्हणून बुडी मारल्यावर विजेच्या घटांवर चालावें लागे, आणि ते घट पुन्हां भरण्यासाठीं बोटीस पृष्ठभागावर यावें लागे. शत्रूच्या टेहळणीच्या टापूंत हें काम रात्रीं उरकावें लागे. आंत जागा इतकी अपुरी कीं, एकानें वाट दिल्याखेरीज दुसऱ्यास पुढें जातां येत नसे. डिझेलचा वास पावास व पांघरुणासही लागलेला. हसनांनीं कोठारांतून तांदूळ व डाळ शोधून काढली आणि नेताजींसाठीं खिचडी शिजवूं लागले. परंतु नेताजी ती जर्मन अधिकाऱ्यांसही आग्रहानें वाढूं लागले, तेव्हां सांठा पुरणार कसा, ही काळजी हसनांना पडली! उरलेला वेळ कामांत जाई. नेताजी मजकूर सांगत, हसन तो उतरून घेत.

१८ एप्रिल १९४३ रोजीं आफ्रिकेच्या दक्षिण टोंकाकडील समुद्रांत यू-१८० नें 'कॉर्बिस' हें ८,१३२ टनांचें ब्रिटिश तेलवाहू जहाज टॉर्पेडोनें बुडविलें. त्यावरील बहुतेक खलाशी प्राणांस मुकले. वांचले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. या प्रसंगाकडे डोळेझांक करणें योग्य होणार नाहीं. ज्या नौकेच्या पोटांत एका देशाची आशा चालली होती, तीच नौका पोटासाठीं दर्यावर निघालेल्या माणसांना जलसमाधि देत होती.

एप्रिलच्या अखेरीस मादागास्करनजीकच्या समुद्रांत आय-२९ ही जपानी पाणबुडी भेटली. समुद्र इतका खवळलेला होता कीं, नौका एकमेकींच्या जवळ येऊं शकत नव्हत्या. अखेर २८ एप्रिल रोजीं नेताजी व हसन रबराच्या लहानशा होडींत उतरले आणि दोरखंडाच्या आधारानें, लाटांनीं नखशिखांत भिजत, पलीकडे पोंचले. दोन राष्ट्रांच्या पाणबुड्यांमध्यें भर समुद्रांत मुलकी प्रवाशांची अशी पोंचवणी युद्धाच्या इतिहासांत विरळाच. त्यांच्या जागीं दोन जपानी आरमारी अधिकारी यू-१८० वर आले, आणि बर्लिनमधील जपानी वकिलातीसाठीं सुमारें दोन टन सोनेंही आलें. यावरून ध्यानांत येईल कीं, जर्मनीनें ही फेरी निव्वळ उपकारबुद्धीनें केली नव्हती.

पुढील हकीकत सर्वश्रुत आहे. नेताजी सुमात्र्याजवळील सबांग येथें उतरून मे महिन्यांतच टोकियोस पोंचले, जुलैंत सिंगापुरास त्यांनीं चळवळीचें नेतृत्व स्वीकारलें आणि २१ ऑक्टोबर १९४३ रोजीं आझाद हिंद सरकारची घोषणा केली.

यू-१८० मात्र माघारीं वळली. वाटेंत ३ जून रोजीं तिनें 'बोरिस' हें ग्रीक जहाज बुडविलें आणि जुलैच्या आरंभीं ती फ्रान्समधील बोर्दो बंदरांत शिरली. तेथें तिचीं तीं धूर ओकणारीं इंजिनें काढून दुसरीं बसविण्यांत आलीं, टॉर्पेडोच्या नळ्या उतरविण्यांत आल्या आणि तिची मालवाहू नौका बनली. ऑगस्ट १९४४ मध्यें, दोस्त सैन्यें फ्रान्समध्यें पुढें सरकत असतां, ती जपानकडे निघाली व बिस्केच्या उपसागरांतच नाहींशी झाली. बहुधा सुरुंगानें तिचा घात केला असावा. तिच्यावरील सर्व ५६ जण गेले. आय-२९ ही तत्पूर्वींच, २६ जुलै १९४४ रोजीं, अमेरिकन पाणबुडीच्या टॉर्पेडोंस बळी पडली होती.

त्या दोन नौका गेल्या. त्यांनीं पोंचविलेला हैदराबादचा तरुण राहिला. आझाद हिंद सेनेंत तो इंफाळच्या आघाडीवर लढला, 'सफरानी' हें उपनांव त्यानें धारण केलें, स्वतंत्र भारताच्या परराष्ट्रसेवेंत राजदूत झाला आणि १९८४ सालीं निवर्तला.

यू-१८० नें चाकरी केली ती इतर राष्ट्रांचें स्वातंत्र्य तुडविणाऱ्या सत्तेची. तिच्या हातून एका परतंत्र देशाचें काम घडलें, तें अनायासें. म्हणून तिचा गौरव करण्याचें कारण नाहीं, आणि तिला विसरण्याचेंही नाहीं. १५ ऑगस्टला, आणि मराठवाड्याच्या मुक्तिदिनीं १७ सप्टेंबरला, जालन्याच्या पटांगणावर मुलें 'जय हिंद' म्हणतील, तेव्हां रबराच्या होडींतील त्या दोघांबरोबरच 'कॉर्बिस'च्या त्या अनाम खलाशांचेंही स्मरण असावें. स्वातंत्र्याची किंमत कोणाकोणास द्यावी लागली, हें त्यावांचून पुरतें समजणार नाहीं.