कासवाचा पाहुणचार आणि आपली शेती
(किनारपट्टीतील शेतकरी मेळाव्यात केलेले भाषण)



शेतीला जोडधंदा म्हटले की आपण गाय, कोंबडी, मधमाशी यांची नावे घेतो. आज मी कासवाचे नाव घेणार आहे.

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यात बाणकोटजवळ वेळास हे गाव आहे. तेथील वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची सागरी कासवे अंडी घालतात. मादी रात्री किनाऱ्यावर येते, खड्डा करून साधारण १०० ते १२० अंडी घालते, वाळू लोटते आणि समुद्रात परत जाते. पूर्वी ही अंडी माणसे काढून नेत, उरलेली कुत्री आणि कोल्हे उकरत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थ व वनखाते यांच्यासह संरक्षण सुरू केले. अंडी कुंपणातल्या सुरक्षित जागी तितक्याच खोल खड्ड्यात ठेवायची आणि दीड-दोन महिन्यांनी निघालेली पिल्ले समुद्राकडे सोडायची, अशी ही पद्धत आहे.

पुढे ही पिल्ले पाहायला लोक येऊ लागले. गावात मोठी हॉटेले नव्हती, म्हणून पाहुणे घरातच उतरले. घरचे जेवण, घरची पडवी. अंडे राखण्यात गावाचा फायदा आहे, हे त्यातून दिसले. निसर्ग पर्यटन म्हणतात ते हेच. राखणाऱ्याच्या पदरात काही पडले, तरच राखण टिकते.

आता सावधगिरीचे दोन शब्द. पिल्ले निघण्याचा काळ मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिल. त्याच दिवसांत तुमच्या विहिरीचे पाणी खाली जाते आणि आंब्याची काढणीही तोंडावर येते. दहा पाहुण्यांना प्रत्येकी १०० लिटर धरले, तर रोज १,००० लिटर पाणी लागेल. नव्या कलमाला ३० लिटर धरले, तर तेवढ्यात तीसेक कलमे एका पाळीत भिजतात. तेव्हा खोल्या मोजून नव्हे, तर विहीर मोजून पाहुणे घ्या. न्हाणीचे पाणी वाया न घालवता माडाच्या किंवा केळीच्या आळ्यात सोडा.

दुसरे, उजेड. पिल्लू अंधारात समुद्रावरच्या फिकट उजेडाकडे चालते. किनाऱ्यावर दिवे लावले की ते उलट दिशेला जाते आणि मरते. म्हणून रात्री दिवे बंद, वाळूवर गाडी नाही, पिल्लाला हात नाही, हे नियम ग्रामसभेत ठरवा आणि आपल्या पाहुण्यालाही सांगा. पिल्ले ठरल्या वेळी निघतीलच असे नाही, हेही त्याला आधीच सांगा.

तिसरे, जमीन. "सर, समुद्राकाठचा तुकडा विकून टाकू का?" असे मला नेहमी विचारतात. विकलेल्या जागेवर दुसऱ्याचे हॉटेल उभे राहील आणि तुमचा मुलगा तेथे नोकरी करील. जमीन राखलीत, तर नाचणीची भाकरी, कुळथाचे पिठले आणि कोकमाचे सरबत तुमच्याच मालातून पाहुण्याच्या ताटात जाईल. या धंद्याचा हिशेब मात्र शेतीच्या वहीत मिसळू नका. हंगाम जेमतेम तीन महिन्यांचा आहे. उरलेले नऊ महिने शेतीच पोसणार आहे.

पाहुणा कासवासाठी येतो. कासव गेले की पाहुणाही गेला. एवढे ध्यानात ठेवा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.