प्रार्थनामंदिरांतील गिटार

रॉक अँड रोल हें नांव कानीं पडतांच चक बेरी किंवा एल्विस प्रेस्ली यांच्या मूर्ति श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें उभ्या राहतात. परंतु या संगीताच्या उगमाकडे जाऊं लागलें असतां वाटेंत जी गिटार ऐकूं येते, ती एका स्त्रीच्या हातांतील आहे. सिस्टर रोझेटा थार्प हें त्या स्त्रीचें नांव.

अमेरिकेंतील आर्कान्सॉ संस्थानांत कॉटन प्लँट या गांवीं १९१५ सालीं त्यांचा जन्म झाला. आई केटी बेल नूबिन या धर्मप्रचारक असून मँडोलिन वाजवीत. पुढें मायलेकी शिकागोस आल्या. त्यांच्या पंथाच्या चर्चांत टाळ्या, खंजिरी व नाचरा ठेका यांना मज्जाव नव्हता. तीच तेथील उपासना होती. लहानग्या रोझेटाचा हात तारांवर बसला तो या ठेक्यावर.

१९३८ सालीं डेक्का कंपनीनें त्यांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या व त्याच वर्षीं न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबांत त्या गाऊं लागल्या. भजनें देवाचीं, पण जागा मद्याची व नाचाची! पंथांतील अनेक भाविकांना हें रुचलें नाहीं. तथापि थार्पबाईंनीं ना गिटार सोडली, ना ईश्वराचें नांव.

विजेच्या साहाय्यानें गिटारीचा आवाज मोठ्या सभागृहांत पोंचूं लागला, तेव्हां साथीपुरतें मानलें गेलेलें हें वाद्य त्यांच्या हातीं स्वतः बोलूं लागलें. कडवें संपून गळा थांबे, आणि त्याच आवेशानें तारा गाऊं लागत. १९४४ त सॅमी प्राइस यांच्या पियानोसह मुद्रित झालेलें त्यांचें 'स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे' हें भजन १९४५ त कृष्णवर्णीयांच्या संगीतासाठीं असलेल्या वेगळ्या यादींत दुसऱ्या क्रमांकावर गेलें. कित्येक अभ्यासक त्यालाच पहिली रॉक अँड रोल ध्वनिमुद्रिका मानतात.

१९४७ त मेकन शहरीं त्यांनीं एका पोरास आपल्या रंगमंचावर गाऊं दिलें. तोच पुढें लिटल रिचर्ड म्हणून गाजला. जॉनी कॅश हेहि त्यांना आपल्या आवडत्या गायिकांत गणीत. १९६४ त मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनावर, पावसाळी हवेंत, त्यांची गिटार इंग्रज तरुणांनीं समक्ष ऐकली व दूरचित्रवाणीनें ती घरोघर पोंचविली.

१९७३ सालीं फिलाडेल्फियांत त्या वारल्या. शिष्यांची नांवें जगभर दुमदुमत असतां गुरूच्या थडग्यावर तीस वर्षांहून अधिक काळ नांवाची शिळादेखील नव्हती. ती चाहत्यांनीं पैसा जमवून बसविली. आणि २०१८ सालीं रॉक अँड रोलच्या मानमंदिरांत त्यांची गणना या संगीताच्या आद्य प्रेरकांत झाली.