स्वयंपाकघराचा नकाशा आणि घराचा कागद

(वाशीम येथे महिला मंडळांच्या आणि बचत गटांच्या कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

घराची दुरुस्ती आणि बेताच्या पैशात नवं स्वयंपाकघर, हा विषय मी मागून घेतला तेव्हा एक-दोघी हसल्या. आपल्या बैठकांत पोटगी, मारहाण, मजुरी, पाणी यांच्यावर बोललं जातं. ओटा किती उंच असावा हा काय चळवळीचा विषय झाला?

मला तो तसा वाटतो. १९८० च्या आसपास ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ ही बातमी वर्तमानपत्रात नित्याची होती. ते सगळेच भडके आपोआप उडत नाहीत, हे स्त्री संघटनांनी ओरडून सांगितलं. त्या रेट्यातून १९८३ साली ४९८-अ हे कलम आलं. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या ८५ आणि ८६ या कलमांत आहे. बाई स्वयंपाकघरात मरते कशी, हे आपण विचारलं. ती तिथे जगते कशी, ती खोली कोण आखतं, तिच्यावर पैसे कोण घालतं आणि त्या घराच्या कागदावर नाव कुणाचं असतं, हेही आपणच विचारायला हवं.

आधी वेळेचा हिशेब सांगते. केंद्र सरकारने २०१९ साली वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि जे पुरुष असं काम करतात ते ९७ मिनिटं, असं त्यात आढळलं. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषाचीही नऊ वाचली! ही जवळपास पाच तासांची पाळी जिथे भरते, त्या जागेला कारखाना म्हटलं तर उजेड, हवा, उंची, सुरक्षितता असे नियम लागतील. स्वयंपाकघर म्हटलं की ‘असेल त्यात भागवा’ हा एकच नियम.

आता माझ्या घराबद्दल. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली निवृत्त शिक्षिका. वाशीममधल्या एका जुन्या लेआऊटमध्ये सासऱ्यांनी १९७४ साली घर बांधलं. चार खोल्या, पुढे व्हरांडा, भोवती जागा. तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता. जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडला. त्या काळी असं सुटं, स्लॅबचं घर म्हणजे ‘बंगला’. नाव अजून बंगला आहे, पण गच्ची गळते, भिंतींना भेगा पडल्यात आणि स्वयंपाकघर मागच्या अंगाला, आठ बाय दहाचं, एकच हातभर खिडकी असलेलं.

दुरुस्तीसाठी आमच्याकडे पाच लाख रुपये होते. त्यातले साडेतीन लाख माझ्या भविष्य निर्वाह निधीतले. मिस्त्रींनी यादी आणली. पहिलं समोरचं फाटक, मग हॉलमधलं पीओपीचं छत, मग हॉलच्या टाईल्स, मग बाहेरचा रंग. सगळ्यात खाली लिहिलं होतं, ‘किचन – उरल्यास’. ही यादी कुणी दुष्टपणे केली नव्हती. पाहुण्याला दिसेल ते आधी आणि बाईला वापरावं लागेल ते शेवटी, हा क्रम सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला असतो. बायकांच्याही.

मी यादी उलटी केली. पहिला मान गच्ची आणि भिंतींना, कारण त्यांना टाळलं तर बाकीचा पैसा पाण्यात. आपली जमीन काळी, भारी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिच्यावरचं घर हलतं. नुसती भेग बुजवून रंग मारला तर पुढच्या वैशाखात ती पुन्हा दिसते. भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवून ठेवायची. पट्टी तडकली तर भेग अजून वाढते आहे असं समजायचं. आम्ही एक पावसाळा थांबलो. जोत्याभोवती तीन फुटांचा फरशीचा पट्टा बाहेरच्या बाजूला उतार देऊन केला, पायाशी पाणी मुरायचं बंद केलं आणि मग भेगा भरल्या. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घातला. त्यानंतर वीज आणि पाण्याची लाईन. त्यानंतर स्वयंपाकघर. त्यासाठी दीड लाख आधीच बाजूला काढले आणि त्याला हात लावायचा नाही असं घरात ठरवलं. ‘उरल्यास’ हा शब्द खोडला. फाटक आणि पीओपी मात्र राहिलं. फाटक अजून जुनंच आहे.

नकाशा आम्ही अंगणात काढला. खडूने आठ बाय दहाची चौकट आखली. शेगडी, मोरी, फ्रीज, पाण्याचा माठ, धान्याच्या कोठ्या यांच्या जागा काढल्या आणि घरातल्या प्रत्येकाने त्या चौकटीत चालून चहा ‘केला’. सूनबाई नोकरी करते. तिने पावलं मोजली. जुन्या मांडणीत पाणी घ्यायला दर वेळी खोली ओलांडावी लागायची. शेगडी, मोरी आणि फ्रीज एकमेकांपासून दोन-तीन पावलांवर आणले तेव्हा पावलं निम्म्यावर आली. या चालण्याला खर्च शून्य. मिस्त्री येण्याआधी तुम्हीही हे करा.

ओट्याची उंची मिस्त्री सवयीने ठरवतो. ती बाईच्या कोपरावरून ठरायला हवी. सरळ उभं राहून हात कोपरात काटकोनात मोडायचा. कोपराच्या चार ते सहा इंच खाली ओटा हवा. पाच फुटी बाईला तो बत्तीस-तेहतीस इंच येतो. उंच असेल तर खांदे भरून येतात, बुटका असेल तर कंबर धरते. आमच्याकडे स्वयंपाक करणारी माणसं चार आणि उंची चार तऱ्हेची. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. जन्म चुलीपुढे बसून गेला, उभ्याने त्यांच्याने होत नाही, पण भाजी निवडणं, शेंगा सोलणं हातातून जाऊ द्यायचं नाही. म्हणून शेगडीचा ओटा तेहतीस इंच आणि खिडकीखाली अडीच फुटांचा एक ठोकळा अठ्ठावीस इंचांवर, खाली पाय जातील असा मोकळा. समोर खुर्ची. कणीक मळायलाही तोच बरा पडतो, कारण मळताना अंगाचा जोर लागतो. स्वयंपाकघरात खुर्ची आली, याचं येणाऱ्याजाणाऱ्या बायकांना नवल वाटलं. बसून काम करणं म्हणजे आळस, हे आपल्याला कुणी शिकवलं?

पैसे कुठे वाचवले? ट्रॉल्या घेतल्या नाहीत. ओट्याला ग्रॅनाईटऐवजी कडप्पा, खाली कडप्प्याच्याच उघड्या फळ्या. जुन्या सागवानी फडताळाला रंधा मारून भिंतीत बसवलं. टाईल्स फक्त ओट्यावर दोन फूट. पैसे कुठे वाचवले नाहीत? खिडकीत, वायरिंगमध्ये आणि मोरीत. खिडकी चार फुटी केली, दारासमोर, म्हणजे वारा आरपार जातो. वर एक एक्झॉस्ट पंखा. मिक्सर आणि फ्रीजला वेगळे जाड वायरीचे पॉईंट आणि घरभर शॉक लागला तर वीज तोडणारा स्विच. मोरी इतकी मोठी की सणाचं पातेलं आडवं मावावं. नळाचं पाणी आमच्याकडे साठवूनच वापरावं लागतं. त्यामुळे गच्चीवरच्या टाकीची वेगळी लाईन थेट मोरीवर आणली. हंडा उचलण्यात वाया जाणारी पाठ कुणाच्याच अंदाजपत्रकात धरलेली नसते.

गॅसबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, जमिनीलगत साठतो. म्हणून सिलिंडर बंद कपाटात कोंडू नका. कोंडायचाच तर कपाटाला तळाशी जाळी हवी. सिलिंडर उभा, शेगडी त्याच्यापेक्षा वर, आणि रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची. खेड्यात अनेक घरांत गॅस आला तरी चूल सुटलेली नाही. भाकरीला, पाणी तापवायला ती लागतेच, आणि भरलेला सिलिंडर परवडायलाही हवा. तिथे चुलीला धुराडं आणि वरती धूर जायला वाट, हेच पहिलं काम. वर्ध्याच्या मगनवाडीत धूर बाहेर नेणारी मगन चूल स्वातंत्र्याच्या सुमारास तयार झाली. म्हणजे ज्ञान कधीचं होतं. बाईच्या डोळ्यांसाठी चार विटा आणि एक नळकांडं खर्चायची तयारी नव्हती.

बाहेरचंही एक उदाहरण सांगते. १९२६ साली मार्गारेट शूटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन स्थापत्यकार बाईने जर्मनीत फ्रँकफर्ट शहरातल्या कामगार वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखलं. हालचाली मोजून, हाताशी सगळं, अगदी छोटं. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बांधली गेली. बाईचे कष्ट मोजण्याचं मोल त्यात होतं. पण ती खोली एकटीपुरतीच मावेल अशी होती, आणि पुढे स्त्रीवाद्यांनी तिच्यावर टीका केली ती याच मुद्द्यावर. काम सोपं झालं, वाटलं मात्र गेलं नाही. म्हणून आमच्या चौकटीत दोन माणसं पाठीला पाठ न लागता उभी राहतील एवढी वाट ठेवली आणि डबे पुरुषांच्याही डोळ्यांसमोर, नावं लिहून ठेवले. ‘जिरं कुठे आहे?’ ही सबब संपली.

आता मुख्य मुद्दा. काम सुरू करण्याआधी मी विचारलं, घर कुणाच्या नावावर आहे? सासरे जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि कागदावर तेच होते. घर त्यांच्या स्वकष्टाचं, मृत्युपत्र नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा. म्हणजे सासूबाई, माझे पती आणि दोन नणंदा, प्रत्येकी चार आणे. मी सून. वारसांत मी नाही. साडेतीन लाख माझे, आणि भिंत एका विटेनेही माझी नाही!

यावर घरातल्या, भावकीतल्या सगळ्यांनी एकच तोडगा सुचवला : नणंदांकडून हक्कसोड घ्या. साडीचोळी करा, मोकळे व्हा. मैत्रिणींनो, इथे कसोटी होती. सभांमधून आपण मुलींना माहेरचा वाटा सोडू नका म्हणतो. माझं स्वयंपाकघर नणंदेच्या वाट्यावर उभं करायचं का? दोघींपैकी एकीला तर उद्या परत यावं लागलं तर यायला हेच दार आहे.

आम्ही बसलो, बोललो. सगळं गोडीत झालं असं नाही. यजमानांना ‘बहिणींनी मागितलंय का?’ हे पटवून घ्यायला वेळ लागला. शेवटी तीन गोष्टी केल्या. चारही वारसांची नावं कागदावर लावली. दुरुस्तीचा खर्च कुणी किती केला ते स्टॅम्पपेपरवर लिहून सगळ्यांनी सह्या केल्या, म्हणजे पुढे वाटणी झाली तर तो आधी धरला जाईल. आणि यजमानांनी आपल्या चार आण्यांतले दोन आणे नोंदणीकृत बक्षीसपत्राने माझ्या नावे केले. राहतं घर किंवा शेती पत्नीला अशी दिली तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. अधिभार आणि लिहिणावळ वेगळी, ती दुय्यम निबंधकांकडे विचारून घ्या. दोन आणे म्हणजे फार नाही. पण आता मी या घरात ‘ठेवलेली’ नाही.

ज्यांच्या नावावर काहीच नाही त्यांनीही हे लक्षात ठेवा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे, मालकी असो वा नसो. ते घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तो हक्क मागता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं. पण राहण्याचा हक्क वेगळा आणि मालकी वेगळी. एक मिळाली म्हणून दुसरी मागायची थांबू नका.

हे बंगलेवाल्यांचंच दुखणं नाही. प्रधानमंत्री आवास योजनेचं ग्रामीण घरकुल किमान २५ चौरस मीटरचं असतं आणि त्यात स्वयंपाकाची स्वतंत्र जागा धरलेली आहे. घरकुल बाईच्या किंवा दोघांच्या नावे मंजूर व्हावं, असं योजनाच सांगते. गावातल्या घरांची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावे करावी, हा ‘घर दोघांचे’ निर्णय राज्याच्या ग्रामविकास खात्याने २००३ सालीच काढला. पण किती घरकुलांत ती स्वयंपाकाची जागा प्रत्यक्षात बांधली जाते, आणि किती ठिकाणी चूल बाहेर टिनाखालीच राहते, हे पाहायला आपल्याशिवाय कोण जाणार?

बायकांना बांधकामातलं काय कळतं, असं कुणी म्हणालं तर किल्लारीचं उदाहरण द्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या शेकडो गावांत पडझड झालेल्या घरांच्या दुरुस्तीचं आणि मजबुतीचं काम चाललं. स्वयम शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं. त्यांनी अनुदानाचे हप्ते, सिमेंट, भिंतीचे जोड यांची माहिती घेतली, घरोघर सांगितली आणि कामावर देखरेख केली. शाळेची पायरी न चढलेल्या बायका इंजिनियरला प्रश्न विचारू लागल्या.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने तीन गोष्टी आणाव्यात अशी माझी विनंती आहे. आपल्या ओट्याची किंवा चुलीची उंची आणि आपल्या कोपराची उंची, दोन्ही इंचांत. घराच्या दुरुस्तीत गेल्या दहा वर्षांत आपला पगार, मजुरी, बचत गटाचं कर्ज किंवा दागिने किती गेले, त्याचा आकडा. आणि ग्रामपंचायतीचा नमुना आठ किंवा नगरपालिकेची कर पावती. हे कागद मालकीचा अंतिम पुरावा नव्हेत, तो खरेदीखत आणि वारसाच्या कागदांतून ठरतो. पण नाव कुठे आहे आणि कुठे नाही, हे त्यावरून कळायला सुरुवात होते. हे कागद मांडून आपण गावनिहाय यादी करू आणि ज्यांना नाव लावायचं आहे त्यांचे अर्ज त्याच दिवशी लिहू. कार्बन पेपर मी आणते.