घरच्या शाळेतील विज्ञान

(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या पालक-मेळाव्यातील भाषण)



घरी शिकणे ही मराठी घरांना नवी गोष्ट नाही. कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात १८५८ साली जन्मलेल्या पंडिता रमाबाईंना संस्कृत शिकवले ते त्यांच्या मातोश्री लक्ष्मीबाईंनी. भाषा अशी मुखाने देता येते. विज्ञान नुसत्या मुखाने देता येत नाही. त्याला वस्तू लागते, हात लागतो आणि चुकण्याची मोकळीक लागते.

हा प्रश्न आज दूरच्या गावी स्थिरावलेल्या मराठी पालकांपुढे उभा आहे. बेंगळुरूच्या दक्षिणेकडील आनेकल तालुका घ्या. जिगणी, अत्तिबेले, सर्जापूर या भागांत नोकरीनिमित्त गेलेल्या कुटुंबाने मूल घरीच शिकवायचे ठरवले, तर वाचन जमते, गणितही जमते. विज्ञानापाशी पाऊल अडखळते. प्रयोगशाळा कोठून आणावी? आणि मराठीतून विज्ञान बोलणार कोण?

साधनांची उणीव नाही. बालभारतीची मराठी माध्यमाची विज्ञानाची पुस्तके ई-बालभारतीवरून विनामूल्य उतरवून घेता येतात. १९८९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतर्फे नियमित शाळेत न जाताही दहावीची परीक्षा देता येते. तिच्या माध्यमांत मराठी आहे आणि अभ्याससाहित्य संकेतस्थळावर खुले आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली सुरू झालेल्या ‘फेट’ प्रकल्पाचे आभासी प्रयोग मोफत असून त्यांतील अनेक मराठीतही आहेत. खुद्द आनेकल तालुक्यात असलेले अझीम प्रेमजी विद्यापीठ विज्ञानशिक्षकांसाठी ‘आय वंडर’ हे नियतकालिक काढते. तेही विनामूल्य वाचता येते.

तथापि पडद्यावरचा प्रयोग हा अर्धाच प्रयोग होय. ‘फेट’मधील विद्युतमंडलात प्रवाह अतोनात वाढला की पडद्यावर ज्वाळा दिसतात, मूल हसते आणि पुन्हा आरंभ करते. ते उपयुक्तच आहे. परंतु विजेरीचा खरा सेल, तार आणि लहान दिवा जोडल्यावर दिवा लागत नाही, तेव्हा मूल एकेक जोड तपासू लागते. विज्ञानाचे शिक्षण त्या पाच मिनिटांत होते.

हे मर्म अरविंद गुप्ता यांनी फार पूर्वी ओळखले. आयआयटी कानपूरचे हे अभियंते १९७८ साली होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात गेले आणि सायकलच्या व्हॉल्व्ह-नळीचे तुकडे व आगकाड्या यांतून त्यांनी भूमिती उभी केली. पुढे पुण्यातील ‘आयुका’च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊतून खेळणी घडवली, २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मराठीसह अनेक भाषांतील पुस्तके आणि चित्रफिती त्यांनी सर्वांना खुल्या केल्या आहेत. गुल काढलेल्या चार काड्यांचा चौकोन दाबला की वाकडा होतो. तीन काड्यांचा त्रिकोण हलत नाही. हे हाताने अनुभवलेल्या मुलाला रेल्वेच्या पुलावर त्रिकोण का असतात, हे सांगावे लागत नाही.

म्हणून पालकांनी आठवड्याला एवढेच पाळावे: एक गोष्ट पाहावी, एक करावी, एक मराठीत लिहावी. बन्नेरघट्टाचे अरण्य त्याच तालुक्याला लागून आहे. परंतु सज्ज्यातील लिंबाच्या रोपावर फुलपाखराने अंडी घातली, तरी रोजच्या टिपणाला विषय मिळतो. मुक्त विद्यालयाच्या दहावीतही विज्ञानाला प्रात्यक्षिक आहे; पडद्यापुरते शिकलेले मूल तेथे अडते.

साधने विनामूल्य आहेत. मुलाजवळ बसण्याचा वेळ मात्र कोणीतरी द्यावाच लागतो. तो एकट्या आईवर सोडू नये. या शाळेने अभियंते, डॉक्टर, शिक्षक घडवले आहेत. त्यांपैकी प्रत्येकाने दूरच्या एका मुलासाठी आठवड्यातून एक तास व्हिडिओ कॉलवर मराठीतून विज्ञान बोलायचे ठरवले, तर शाळेच्या साठ वर्षांचे त्याहून उचित ऋणमोचन दुसरे नाही.